मिडलवेअरमध्ये ऑथ टाकलं की झालं? नाही झालं

पुण्यातल्या डेव्हलपर ग्रुपांवर गेल्या आठवड्यापासून एक मेसेज फिरतोय, मला स्वतःला चार ठिकाणांहून आलाय. त्यात म्हटलंय की नेक्स्ट जेएसमध्ये (वेबसाइट बनवायचं जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क) मिडलवेअर, म्हणजे रिक्वेस्ट पानापर्यंत पोचण्याआधी मध्ये चालणारा कोड, सगळ्यात आधी चालतं म्हणून लॉगिनचा चेक तिथे एकदा टाकला की पुरे, मिडलवेअर चुकवता येण्याचा २०२५ चा बग पॅच झालाय त्यामुळे विषय संपला, प्रत्येक एपीआयमध्ये (सर्व्हरवरचा डेटा देणारा कोड) परत चेक टाकणं म्हणजे डबल काम आणि साइट स्लो, आणि छोट्या क्लायंटच्या साइटवर तसंही कोण येतंय. हे वाचून नवीन पोरं खरंच तसा कोड लिहितायत, म्हणून लिहायला बसलो.

पहिला मुद्दा, मिडलवेअर आधी चालतं. चालतं, पण कधी चालायचं नाही हे ठरवणारा कोडही फ्रेमवर्कमध्येच असतो. मार्च २०२५ मध्ये बाहेर आलेलं सीव्हीई-२०२५-२९९२७ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटीला दिलेला नंबर) नेमकं इथलंच. मिडलवेअरने स्वतःच्याच सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवली तर ते परत चालेल, परत रिक्वेस्ट जाईल आणि लूप लागेल, म्हणून नेक्स्ट जेएस एक आतला हेडर (रिक्वेस्टसोबत जाणारी माहितीची ओळ) ठेवायचं, एक्स-मिडलवेअर-सबरिक्वेस्ट. त्यात मिडलवेअरचं नाव पाच वेळा दिसलं की सर्व्हर समजायचा की हे फिरून फिरून आलंय, आणि मिडलवेअर सोडून रिक्वेस्ट सरळ पुढे द्यायचा. पण हा हेडर आतून आलाय की बाहेरून कोणी टाकलाय हे कोणी बघतच नव्हतं! म्हणजे ब्राउझर नको, पासवर्ड नको, एका कर्ल कमांडमध्ये (टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवायचं टूल) तो हेडर टाकला की लॉगिनचा चेक चाललाच नाही. धोका मोजणारा सीव्हीएसएस स्कोअर दहापैकी ९.१ उगाच नाही दिलेला.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. बातमी आली त्या शनिवारी बाणेरच्या एका छोट्या टीमसोबत बसून एका कोचिंग क्लासचं पोर्टल त्यांच्या परवानगीने तपासलं, व्हर्जन १४ होतं, व्हीपीएसवर (भाड्याचा सर्व्हर) एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मागे नेक्स्ट स्टार्टने चालवलेलं. हेडरशिवाय रिक्वेस्ट मारली की लॉगिनवर रिडायरेक्ट, हेडर टाकला की थेट २०० (म्हणजे पान मिळालं) आणि समोर मुलांची नावं, पालकांचे मोबाइल नंबर, कोणाची किती फी बाकी आहे ते सगळं. आतल्या एकाही एपीआयमध्ये युजर कोण आहे हे विचारलेलंच नव्हतं, कारण "मिडलवेअर बघतंय ना". व्हर्सेलवर (नेक्स्ट जेएस बनवणारी कंपनी) होस्ट केलेल्या साइट्सना हा फटका बसला नाही, स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्यांना बसला, आणि आपल्याकडे छोट्या क्लायंटचं काम बहुतेक असंच व्हीपीएसवर असतं.

आता पॅचचं. १५.२.३, १४.२.२५, १३.५.९ आणि १२.३.५ मध्ये दुरुस्ती आली, अपडेट करायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याने हा एक बग गेला, हा प्रकार गेला नाही. आणि हा प्रकार जुना आहे, जावावाल्यांना विचारा. अपाची शिरोमध्ये (जावातली लॉगिन आणि परवानगी तपासणारी लायब्ररी) २०२० साली हेच झालं, यूआरएलमध्ये सेमीकोलन टाकला की शिरो पाथ एक वाचायचं आणि स्प्रिंग (पान देणारं जावा फ्रेमवर्क) दुसराच, म्हणजे चेक एका पाथवर आणि पान उघडतंय भलतंच. २०२२ मध्ये स्प्रिंग सिक्युरिटीत, रेजेक्समधला (मजकूर जुळवायचा पॅटर्न) डॉट नवीन ओळीचं कॅरेक्टर पकडत नाही एवढ्यावरून बायपास निघाला. जिथे चेक एक जण करतो आणि डेटा दुसरा देतो तिथे दोघांनी रिक्वेस्ट वेगवेगळी वाचली की फट पडलीच. त्यासाठी फ्रेमवर्कमध्येच बग हवा असंही नाही, तुमच्या मॅचरमधून (मिडलवेअर कुठल्या पाथवर चालायचं याची यादी) एक पाथ सुटला की त्या पानावरून बोलावली जाणारी सर्व्हरवरची फंक्शनं म्हणजे सर्व्हर अॅक्शनसुद्धा चेकशिवाय चालतात, आणि फोल्डर इकडचा तिकडे करताना हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

डबल काम आणि स्लो हे तर मला अजिबात पटत नाही. सेशन तपासणारं एक फंक्शन लिहा, डेटाबेसला हात लावणारं प्रत्येक फंक्शन आधी त्याला विचारेल असं करा. पान रेंडर होताना तेच फंक्शन चार ठिकाणांहून कॉल झालं तरी रिअॅक्टच्या कॅशमध्ये (एकदा काढलेलं उत्तर जपून ठेवणं) गुंडाळलं असेल तर त्या रिक्वेस्टपुरतं एकदाच चालतं. आणि मिडलवेअरला कळतं फक्त लॉगिन आहे की नाही, ही फीची पावती याच पालकाची आहे का हे त्याला कुठून कळणार? तो चेक डेटाजवळच लागतो. लॉगिन नसलेल्याला पटकन लॉगिन पानावर पाठवायला मिडलवेअर छान आहे, तेवढं मेसेजमधलं बरोबर आहे.

छोट्या साइटवर कोण येतंय? स्क्रिप्ट येते. ती क्लायंटचं नाव बघत नाही, आयपी रेंज फिरते आणि हेडर मारून बघते, कुठल्याही व्हीपीएसचा अॅक्सेस लॉग उघडून बघा.

त्या पोर्टलवर आम्ही त्याच रात्री एनजिनएक्समध्ये तो हेडर रिकामा करून टाकला, मग अपडेट केलं, आणि पुढचे काही दिवस बसून एकेक एपीआय लॉगिनच्या कुकीशिवाय कर्लने मारून ४०१ (लॉगिन नाही म्हणून नकार) येईपर्यंत सोडला नाही. तुमच्याकडे आज जे प्रोजेक्ट लाइव्ह आहेत त्यांच्यावर हे करून बघा. आणि ज्यांनी तो मेसेज लिहिलाय त्यांना मनापासून विनंती, "एकदा टाकला की पुरे" ही ओळ काढा आणि दुरुस्त केलेला मेसेज त्याच ग्रुपांवर परत टाका.