बरणीचं झाकण आधी उघडा!

'शिसपेन्सिलीची कांडी मिठाच्या पाण्यात बुडवा, 9 व्होल्टची बॅटरी जोडा, झाकण घट्ट लावा. एका अणूच्या जाडीचं काळं ग्राफीन सुटेल, ते काचेवर चिकटवा. प्रयोगशाळेत हेच करतात, तांबंही वाया जात नाही.' हा फॉरवर्ड भाचीच्या शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनाच्या ग्रुपवर आलाय, आणि खाली अंगठ्यांची रांग! ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकपदरी पापुद्रा.

आधी झाकण. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की ऋण टोकाला हायड्रोजन निघतो आणि धन टोकाला क्लोरीन. दोन्ही एका बंद बरणीत कोंडले की ते मिश्रण ठिणगीनेच काय, कडक उन्हानेही भडकू शकतं. झाकण काढलं तरी क्लोरीन घसा जाळतोच. मुलांच्या हाती हे द्यायचंच नाही.

पेन्सिलीची कांडी म्हणजे ग्राफाइटची भुकटी आणि चिकणमाती. विजेने तिचे कण सुटतात, सलग पापुद्रा मुळात नसतोच. शिवाय एकपदरी ग्राफीन जेमतेम 2.3 टक्के प्रकाश अडवतं. काळं दिसतंय, म्हणजे ते एकपदरी नाही.

प्रयोगशाळेत ग्राफीन तांब्याच्या पत्र्यावर, सुमारे 1000 अंश सेल्सिअसला, मिथेनपासून वाढवतात. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या कियान पिंग लो यांच्या गटाने 2011 मध्ये ते तांब्यावरून विजेने सोडवलं. वरून पीएमएमए या प्लॅस्टिकचा पातळ थर, द्रावण पोटॅशियम पर्सल्फेट या क्षाराचं, विरळ, आणि तांबं ऋण टोकाला. तांबं आणि ग्राफीनच्या मध्ये हायड्रोजनचे बुडबुडे शिरतात आणि पापुद्रा कडेपासून उचलला जातो. तो शुद्ध पाण्यात धुऊन हव्या त्या पृष्ठभागावर झेलायचा, सावकाश वाळवायचा, मग अॅसिटोनने प्लॅस्टिक काढायचं. व्होल्टेज फार चढवलं तर बुडबुड्यांनीच पापुद्रा फाटतो. खाली पाणी अडकलेलं असताना झटकन तापवलं तर वाफेने फुगतो. आणि तारा उलट जोडल्या तर तांबंच विरघळायला लागतं.

राहिलं तांबं. बरं, हे निम्मं खरं आहे: पत्रा पुन्हा वापरता येतो, पण पर्सल्फेट त्याला थोडं खातंच. प्लॅटिनमवर 2012 मध्ये चीनमधल्या शेनयांगच्या गटाने धातूला धक्का न लावता हे साधलं. अर्थात प्लॅटिनम शाळेच्या कपाटात नसतं.

प्रदर्शनात ग्राफीनच दाखवायचं तर ग्राफाइटचा खडा आणि चिकटपट्टी घ्या. मँचेस्टरमध्ये 2004 साली ते असंच सोलून निघालं होतं.