वटवाघळाचं शरीर आकांडतांडव करत नाही

वटवाघळाला कुणी 'विषाणूंचं गोदाम' म्हटलं की मला फार लागतं. निपाह, हेन्ड्रा, मारबर्ग यांसारखे जीवघेणे विषाणू अंगात बाळगूनही ते एरवीसारखं उडतं, खातं, पिल्लं वाढवतं. एवढी थक्क करणारी गोष्ट समोर असताना आपण त्याला शिव्या देतो!

आपण आजारी पडतो ते पुष्कळदा विषाणूपेक्षा आपल्याच शरीराच्या आकांडतांडवामुळे. दाह, म्हणजे संसर्गाशी लढताना शरीरात उठणारी सूज, हाताबाहेर जातो आणि फुप्फुसांचं नुकसान आपल्याच पेशी करतात. वटवाघूळ नेमकं इथेच वेगळं आहे, आणि याचं मूळ बहुधा त्याच्या उडण्यात असावं, असं बरेच संशोधक मानतात. स्वतःच्या पंखांनी उडणारा हा एकमेव सस्तन प्राणी. उडताना शरीर इतकं तापतं, इतकी ऊर्जा जाळतं की पेशींमधला डीएनए तुटतो, त्याचे तुकडे भलत्या जागी सांडतात. असे तुकडे दिसले की 'विषाणू आला' म्हणून शरीर धोक्याची घंटा वाजवतं. रोज उडणाऱ्याने रोज ही घंटा ऐकायची म्हटलं तर जगणंच अवघड. म्हणून उत्क्रांतीत ती घंटा हळू झाली. तिच्या साखळीतल्या 'स्टिंग' या प्रथिनात वटवाघळांमध्ये एक मोक्याचा बदल आहे, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं.

पुढच्याच वर्षी आलेलं संशोधन मला सर्वांत मोलाचं वाटतं. वटवाघळाच्या पेशींत विषाणू सोडले, तर माणसाच्या पेशींपेक्षा दाह कमी उठला, विषाणूंचं प्रमाण मात्र घटलं नाही. म्हणजे विषाणू आहेत, आणि तरी बिघडत काही नाही! प्रतिकारशक्ती दुबळी आहे असंही नाही. काही जातींत विषाणूंना रोखणारं इंटरफेरॉन हे प्रथिन सदैव तयार असतं. (रेबीजने मात्र वटवाघळंही मरतात. ती अमर नाहीत.)

आपल्या औषधशास्त्राने विषाणू मारण्याइतकंच लक्ष दाह आवरण्याकडे द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि कृपा करून त्यांना मारू नका. युगांडातल्या किटाका खाणीत २००७ साली कामगारांना मारबर्गची लागण झाली, म्हणून पुढे तिथली वटवाघळं संपवली गेली. काही वर्षांनी खाणीत नवी वटवाघळं वस्तीला आली. त्यांची तपासणी केली, तर मारबर्गची लागण झालेल्यांचं प्रमाण पूर्वीपेक्षा जास्त निघालं.