कोडिंग येत नाही म्हणून आयटी सपोर्टचं दार बंद? नाही.

‘आयटी सपोर्टमध्ये शिरायला कॉम्प्युटरची पदवी आणि कोडिंग लागतंच,’ असा मेसेज फिरतोय. तो सरसकट खरा नाही. काही कंपन्या पदवी मागतात, हे मान्य. पण हेल्पडेस्कच्या पहिल्या पायरीवर कोडिंगशी फारसा संबंध येत नाही.

तिथलं काम कसं असतं? तक्रार येते, ‘नेट चालत नाही.’ तुम्ही समोरच्याला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर (कमांड लिहायच्या खिडकीत) ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) टाईप करायला सांगता; त्यात मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता दिसतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनला डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून, पत्ताच मिळालेला नाही. मग आधी केबल, वाय-फाय बघायचं. शेवटी काय केलं ते तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) नीट लिहायचं. (हे लिहिणंच बरेच जण टाळतात.) वैतागलेल्या माणसाशी शांतपणे बोलण्याची सवय दुकानात किंवा कॉल सेंटरमध्ये लागली असेल, तर ती इथे थेट कामी येते.

त्याच मेसेजचं दुसरं टोक, ‘कॉम्पटिया ए प्लस केलं की नोकरी पक्की’, हेही चूक. आयटी सपोर्टच्या या सुरुवातीच्या प्रमाणपत्र परीक्षेला अनुभवाची सक्ती नाही, पेपर मात्र २ असतात आणि प्रमाणपत्र ३ वर्षंच चालतं. त्याने अर्ज नजरेत भरतो, इतकंच.