ट्रॉली एक, ट्रॅक्टर दोन

ऊस तोडीचा हंगाम लागला की कोल्हापूरच्या आसपास कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला उभं राहून बघा. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, खच्चून भरलेल्या. मागची ट्रॉली दुसऱ्या ट्रॅक्टरला लावायची झाली तर ड्रायव्हर आधी इकडची पिन उपसतो, मगच तिकडं जोडतो. पहिली पिन तशीच ठेवून दुसरा ट्रॅक्टर कुणी पुढं काढत नाही. आणि आपण कॉम्प्युटरचे इंजिनिअर, कोडमध्ये पॅरेंट-चाइल्डची, म्हणजे मालक आणि त्याला जोडलेल्या पोराची जोडी लावताना रोज नेमकं तेच करतो!

ट्रॅक्टर क्लासमध्ये (क्लास म्हणजे कोडमधला साचा) ट्रॉल्यांची, म्हणजे पोरांची लिस्ट, ट्रॉली क्लासमध्ये पॅरेंटचं, म्हणजे आपला ट्रॅक्टर कुठला याचं फील्ड. इथवर ठीक. मग लिस्टमध्ये पोरगं घालणारं ॲडचाइल्ड पण पब्लिक, म्हणजे कुणीही वापरावं असं, पोराचा पॅरेंट बदलणारं सेटपॅरेंट पण पब्लिक, आणि वर गेटचिल्ड्रन आतली खरीखुरी लिस्टच उचलून हातात देतंय. म्हणजे एका घराला तीन दारं, आणि कडी एकालाही नाही. एक जण ॲडचाइल्ड मारतो, सेटपॅरेंट विसरतो. ट्रॅक्टर म्हणतो ट्रॉली माझी, ट्रॉली म्हणते मला कुणी नाही. दुसरा नुसतं सेटपॅरेंट मारतो, जुन्या ट्रॅक्टरच्या लिस्टमध्ये ट्रॉली तशीच राहते. कुणीतरी नव्या ट्रॅक्टरलाही ॲडचाइल्ड केलं की वजनाच्या बेरजेत एकच ट्रॉली दोनदा मोजली जाते. मग कोण तरी शहाणा बेरजेच्या फंक्शनमध्ये डुप्लिकेट गाळायचा इफ घालतो. आजार रेड्याला, इंजेक्शन पखालीला!

अरे, दार एकच ठेवा. सगळं सेटपॅरेंटमध्ये, आणि ॲडचाइल्डनं फक्त त्यालाच हाक मारायची. नवा पॅरेंट जुनाच असेल तर तिथंच परत फिरायचं; नाहीतर पोरगं लिस्टमधून निघून शेवटी जाऊन बसतं आणि क्रम बिघडतो. मग नव्या पॅरेंटपासून वर वर चढत जायचं, वाटेत आपण स्वतःच भेटलो तर एरर फेकायची, कारण आजोबा नातवाच्या पोटी जन्माला येत नसतो. हे तपासणं जुन्या लिस्टमधून काढायच्या आधी झालं पाहिजे. आधी काढलं आणि मग एरर आली तर पोरगं ना इकडचं ना तिकडचं. त्यानंतर जुन्या लिस्टमधून काढा, फील्ड बदला, नव्या लिस्टमध्ये घाला. बास. गेटचिल्ड्रननं अनमॉडिफायेबल, म्हणजे बाहेरून बदलता न येणारी लिस्ट द्यायची. क्यूटी या सी प्लस प्लसच्या लायब्ररीचं सेटपॅरेंट जुन्या घरातून नाव स्वतःच काढतं, ब्राउझरमधलं अपेंडचाइल्ड पण काढतं. म्हणजे जगात हे सुटलेलं आहे, तरी आपल्याकडं चालूच!

आता पोरं काढून टाकायचा लूप. जावात अरेलिस्ट नावाच्या लिस्टवर फॉर-ईच, म्हणजे एकेक घटक घेणारा लूप फिरवत त्याच लिस्टमधून रिमूव्ह करायचं, हा तर आवडता उद्योग. एकच ट्रॉली असेल तर कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन, म्हणजे ‘फिरताना लिस्ट बदलली’ अशी एरर येते. तीन असतील तरी येते. पण दोन असतील तर? काही येत नाही! पहिली काढली की साइज १ होते, लिस्टवर फिरणाऱ्या इटरेटरचा कर्सरही १ वर असतो, त्याला वाटतं झालं काम, लूप संपतो. दुसरी ट्रॉली तशीच लटकलेली. आणि आपल्याकडं ट्रॅक्टरमागं ट्रॉल्या किती असतात? दोन! टेस्ट हिरवीगार, सगळे खूश. लिस्टची कॉपी करून तिच्यावर फिरा, नाहीतर इंडेक्सनं शेवटाकडून मागं या. एक ओळ जास्त लिहायला जीव जातो काय?

सी प्लस प्लसवाल्यांनी हसू नये. पॅरेंटकडं पोराचा शेअर्ड पॉइंटर (किती जणांनी धरलंय ते मोजणारा, काउंट शून्य झाला की वस्तू सोडणारा), पोराकडं पॅरेंटचा पण शेअर्ड पॉइंटर. दोघं एकमेकांची कॉलर धरून बसतात, काउंट शून्यावर येतच नाही, मेमरी कायमची अडकून पडते. मालकी एकाच बाजूला असते हो! पॅरेंटकडं युनिक, म्हणजे एकट्याच्या मालकीचा पॉइंटर, पोराकडं मागं बघायला साधा पॉइंटर. मालकी वाटून द्यायचीच असेल तर पोराकडं वीक, म्हणजे काउंटमध्ये न धरला जाणारा पॉइंटर, आणि वापरायच्या आधी लॉक करून नल, म्हणजे रिकामा आहे का बघायचं.

क्यूटीत पॅरेंट मेला की पोरांना डिलीट करतो, हे सगळ्यांना पाठ. पण फंक्शनमध्ये बटण आधी स्टॅकवर, म्हणजे फंक्शन संपलं की आपोआप मोकळ्या होणाऱ्या मेमरीत, विंडो नंतर, आणि मग बटणाचा पॅरेंट विंडो. स्टॅकवरचे ऑब्जेक्ट उलट्या क्रमानं मरतात, म्हणजे विंडो आधी. ती जाताना स्टॅकवरच्या बटणालाच डिलीट मारते. क्रॅश! मग ‘क्यूटीत बग आहे’ म्हणून बोंब. दोन ओळींची जागा बदल, झालं.

जावातले ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलात ठेवणाऱ्या हायबरनेटचं तर बोलायलाच नको. मॅप्डबाय, म्हणजे ‘नातं पोराच्या फील्डवरून ठरतं’ असं लिहिलेल्या लिस्टमध्ये पोरगं घातलं, पोराचं पॅरेंट फील्ड रिकामं ठेवलं, आणि फॉरेन की, म्हणजे टेबलातला पॅरेंट दाखवणारा रकाना, नल का म्हणून विचारतात. कारण टेबलात लिहिलं जातं ते पोराच्या बाजूनं, लिस्टच्या नव्हे! आणि ऑर्फन रिमूव्हल, म्हणजे लिस्टमधून निघालेलं पोरगं डेटाबेसातूनही पुसणं, चालू असताना सरळ नवी लिस्ट नेमायची नसते, आहे तीच क्लिअर करून भरायची.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे ‘पॅरेंट-चाइल्ड’ ऐकलं की हात आपोआप एक्सटेंड्सकडं, म्हणजे क्लासचा वारसा घेण्याकडं जाणारे. क्लास ट्रॉली एक्सटेंड्स ट्रॅक्टर! वारसा वेगळा, आणि कुणाच्या मागं कोण जोडलंय ते वेगळं, एवढंही नाही? ट्रॉलीला इंजिन कुठलं रे मर्दा, दाखव की!