मनिलाचा पाहुणचार बघायचा असेल तर जीपनीत बसा

फिलिपिन्सची राजधानी मनिलाहून आल्यापासून जो तो एकच विचारतोय, "तिथले लोक फार हसतमुख असतात म्हणे?" असतात. विमानतळावर, मॉलमध्ये, जॉलिबी या तिथल्या फास्ट फूड दुकानाच्या काउंटरवर, सगळीकडे 'मॅम-सर' आणि हसू. पण ते पगारी हसू. त्याचं मला फार कौतुक नाही.

मला भावली ती जीपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याच्या उरलेल्या जीप लांबवून लोकांनी ही गाडी तयार केली. मागून चढायचं, समोरासमोर दोन लांब बाकं, गुडघ्याला गुडघा. कंडक्टर बहुतेक नसतोच. "बायाद पो", म्हणजे भाडं घ्या, असं म्हणायचं आणि पैसे शेजारच्याच्या हातात ठेवायचे. तो पुढच्याला देतो, पुढचा त्याच्या पुढच्याला. ड्रायव्हर बोटांमध्ये उभ्या घडीच्या नोटा खोचून, गिअर टाकता टाकता हिशेब करतो आणि सुट्टे त्याच हातांवरून परत येतात. मी 100 ची नोट दिली आणि तिच्यावरची नजर काही हलवली नाही. मुंबईची सवय, जाणार कुठे! भाडं 13 पेसो. उरलेले सगळे आले. मधली एक मुलगी कानात हेडफोन घालून डोळे मिटून बसली होती, पण पैसे आले की हात बरोब्बर पुढे.

म्हणून "गरीब पण किती आनंदी लोक!" असं कुणी लिहिलं की माझं डोकं फिरतं. संध्याकाळी एड्सा रस्त्यावर अडकून बघा. एमआरटीसाठी, म्हणजे तिथल्या मेट्रोसाठी, जिन्याखालपर्यंत रांग, फुटपाथ मध्येच गायब. शहर काही सांभाळत नाही, म्हणून माणसं एकमेकांना सांभाळतात. त्यात त्यांच्या रक्तातलं वगैरे काही नाही. 2017 पासून सरकार जुन्या जीपनी काढून नव्या मिनीबस आणू पाहतंय. धूर कमी होईल, हे मान्यच. पण एकेक नवी गाडी 20 लाख पेसोंच्या वर, ती त्या ड्रायव्हरने आणायची कुठून? संप झाले ते काही उगाच नाहीत.

मनिलाला लागूनच असलेल्या केसोन सिटीत ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या घरी जेवायला गेले. नातू शाळेतून आला, आधी आजीचा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला, मग दप्तर टाकलं. जेवायला सिनिगांग, म्हणजे चिंचेचं आंबटढाण सूप, आणि भात. माझी वाटी आजी रिकामी होऊ देईना. टेबलाच्या टोकाला पाण्याच्या जगला टेकवून फोन उभा केलेला. त्यात दुबईत नर्स असलेली थोरली लेक. तिकडून ती "तिला अजून भात वाढा" म्हणून सांगत होती. परदेशातल्या अशा लेकी-लेकांनी 2023 मध्ये 33 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवली. त्या घराचा फ्रीज तिच्याच पैशांचा, असं आजीने दोनदा तरी सांगितलं.

तिथे भारतीय माणसाला सरसकट 'बुम्बाय' म्हणतात. आणि बुम्बाय म्हटलं की लोकांना आठवतो तो मोटारसायकलवरून वसुलीला येणारा सावकार, 5 घ्या आणि 6 फेडा. हे बहुतेक पंजाबी, पण बिल मुंबईच्या नावावर. मी खरोखरच मुंबईची, हे कळल्यावर आजीने मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, मोटारसायकल कुठे लावलीस? घर हसून लोटपोट, आणि तोवर माझ्या ताटात तिसऱ्यांदा भात.