वक्ता बोलवा, पण मलिदा माहीत असलेला

महाविद्यालयांनी इस्रायलवर बोलायला बाहेरचे वक्ते बोलवावेत, ही लेखातली सूचना पटली. पण निवड जरा डोळसपणे व्हावी. आमच्या कॉलेजात एक साहेब आले होते. तासभर ठिबक सिंचन, मग टाळ्या, मग चहा. माणसं त्यात कुठे आलीच नाहीत!

इस्रायलमधल्या डिमोना किंवा अश्दोद शहरातल्या एखाद्या बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या मराठी ज्यू, आजी बोलवा की. दुभाषा लागणार नाही. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर कालवून केलेला मलिदा आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचा नवस त्यांच्याच मराठीत ऐका. आणि अवघडही विचारा. तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बेने इस्रायलींच्या लग्नांआधी वंशावळ तपासायचा फतवा काढला, तेव्हा हे लोक जेरुसलेमात धरणं धरून बसले होते. १९६४ मध्ये सरकारला ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं.

दुसरी खुर्ची तिथल्या अरब नागरिकासाठी ठेवा. लोकसंख्येचा साधारण पाचवा हिस्सा तेच आहेत. क्नेसेट या तिथल्या १२० जागांच्या संसदेच्या निवडणुकीत आजवर कुठल्याही पक्षाला एकट्याच्या बळावर बहुमत मिळालेलं नाही, मग एकच वक्ता अख्खा देश काय सांगणार? आणि प्रश्नोत्तरांना अर्धा तास तरी राखा. आपल्याकडे तो वेळ आभारप्रदर्शन खातं.