पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर: तो मेसेज चुकीचा आहे

‘पाळी गेल्यावर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा रक्त दिसलं तर घाबरू नका, अंगातली उष्णता बाहेर पडते,’ असा मेसेज बायकांच्या ग्रुपवर फिरतोय. हे चुकीचं आहे, आणि धोक्याचंही.

सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. त्यानंतर एकदाच, नुसता तपकिरी डाग दिसला तरी डॉक्टरांना दाखवायलाच हवं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची, एनएचएसची, सूचनाही हीच आहे. बहुतेकदा कारण साधं निघतं: इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटल्याने योनीमार्गाला आलेला कोरडेपणा किंवा पॉलिप, म्हणजे गर्भाशयात किंवा त्याच्या मुखाशी वाढलेला छोटा, बहुधा साधा कोंब. पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचं पहिलं लक्षणही बहुधा हेच असतं, आणि तो लवकर कळला तर बरा होऊ शकतो. सोनोग्राफीत अस्तराची जाडी मोजतात, गरज पडली तर तुकडा काढून तपासतात.

आई, मावशी, काकू संकोचाने बोलत नाहीत, आपणच विचारा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ज्यांनी पाठवला त्यांना हा खुलासा पाठवा.